केस सरळ, कायदा वाकडा

अँजेला डेव्हिसचा फोटो आपल्या पुष्कळ पोरांच्या खोलीत चिकटवलेला असतो. डोक्याभोवती काळ्याभोर कुरळ्या केसांचं मोठं वर्तुळ, नजर रोखलेली. पोस्टर विकणाऱ्यांनी त्या केसांची फॅशन करून टाकली. पण त्या केसांत नकार होता. कशाला नकार, हे फोटो चिकटवणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? गोऱ्या अमेरिकेने काळ्या बाईच्या टाळूवर पिढ्यान् पिढ्या जो रासायनिक लगदा थापायला लावला, त्याला नकार. त्या लगद्याचा हिशेब आता दवाखान्यांतून आणि कोर्टांतून बाहेर पडतोय. या अंकात मला त्यावरच लिहायचं आहे.

मला ठाऊक आहे, काही कॉम्रेड नाक मुरडतील. म्हणतील, जगाला एवढी आग लागलीय आणि हा बायकांच्या केसांवर संपादकीय लिहितोय. पुरुषाच्या पाठीवर पडलेली पोलिसाची काठी आपल्याला लगेच राजकारण वाटते. बाईच्या टाळूवर पडलेला कॉस्टिक सोडा मात्र खाजगी मामला, पार्लरची भानगड. असं का, ते ज्याचं त्याने स्वतःला विचारावं. मी आपला मुद्द्यावर येतो.

कॉस्टिक सोडा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. तुंबलेलं गटार मोकळं करायला जो वापरतात, साबणाच्या कारखान्यात जो लागतो, तोच हा सोडियम हायड्रॉक्साइड. अमेरिकेत 'रिलॅक्सर' नावाने जी केस सरळ करायची क्रीम विकली जाते, तिचा जुना आणि मुख्य प्रकार याच्यावर चालतो. केसाचा कुरळेपणा त्याच्या प्रथिनातल्या गंधकाच्या जोडांमुळे टिकतो. ही क्रीम ते जोड कायमचे तोडते. केस पडतो सरळ, मेलेल्या दोरीसारखा. पण मुळाशी नवा केस येतो तो पुन्हा कुरळाच. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा लगदा, पुन्हा जळजळ. लावण्याआधी टाळूला व्हॅसलीन फासतात, कारण क्रीम कातडीला लागली की भाजते. भाजलेल्या कातडीवर फोड येतात, खपल्या धरतात. आणि फुटलेल्या कातडीतून डब्यातली बाकीची रसायनं अंगात जायला वाट मोकळी होते. पुढे 'नो-लाय' म्हणून कॉस्टिक सोडा नसलेले डबे आले. त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट असतं. नाव सौम्य, पण माल तितकाच तीव्र अल्कली. हे डबे लहान पोरींसाठीही निघाले. वर हसऱ्या पोरीचं चित्र. पाच-सहा वर्षांची पोर जी खुर्चीत बसते, ती कधी कधी चाळीस वर्षं उठत नाही.

आता कोणी म्हणेल, मग लावतात कशाला? कोणी डोक्यावर बंदूक ठेवली होती का?

तर ऐका. बंदूक होती, आणि ती कायद्याची होती. १७८६ साली लुइझियानावर स्पेनचं राज्य असताना गव्हर्नर मिरो याने हुकूम काढला की न्यू ऑर्लिन्समधल्या काळ्या बायकांनी डोकं फडक्याने बांधूनच बाहेर पडायचं. बायका गुलामीतून मोकळ्या असल्या तरी! कारण त्यांच्या केसांची सजावट गोऱ्या मडमांच्या डोळ्यांत सलत होती. त्या बायांनी काय केलं? भारी रंगीत फडकी घेऊन असे झोकात फेटे बांधले की हुकूम काढणाऱ्यांचं नाक कापलं गेलं. हा माज मला आवडतो. पण हुकूम तो हुकूम. काळ्या बाईचे केस ही झाकायची, दाबायची, सुधारायची गोष्ट आहे हे एकदा कागदावर आलं. १८६५मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण केसांची गुलामी संपली नाही. 'चांगले केस' म्हणजे गोऱ्यासारखे केस, हे माप शाळेत, चर्चमध्ये, नोकरीच्या दारात कायम राहिलं.

या मापातून बाजार उभा राहिला, आणि सुरुवातीला त्यात काळी माणसंच होती. गॅरेट मॉर्गन हा काळा संशोधक. त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केस सरळ करायची क्रीम काढून विकली. लुइझियानात माजी गुलामांच्या पोटी जन्मलेली, कपडे धुऊन जगणारी सारा ब्रीडलव्ह मॅडम सी. जे. वॉकर झाली. केसांच्या औषधांचा धंदा तिने उभारला आणि हजारो काळ्या बायकांना मोलकरणीच्या कामातून बाहेर काढून विक्रीच्या कामाला लावलं. तिला शिव्या घालणं सोपं आहे. पण ज्या देशात काळ्या बाईला धुणीभांडी सोडून दुसरं काम नव्हतं, तिथे तिने पगार दिला, हेही लिहून ठेवा. गोष्टी अशा गुंतलेल्या असतात. एका हाताने भाकर, दुसऱ्या हाताने गोऱ्याचं माप.

पुरुष यातून सुटले होते असं समजू नका. माल्कम एक्सने आपल्या आत्मचरित्रात पोरवयात पहिल्यांदा केस सरळ केल्याची हकिगत सांगितली आहे. कॉस्टिक, बटाटे आणि अंडी यांचं घरगुती मिश्रण, आणि डोक्याला लागलेली आग. पुढे त्याला त्या प्रकरणाची किळस आली आणि स्वतःला कमी लेखण्याची ती सुरुवात होती असं त्याला वाटलं. १९६५ साली त्याचं पुस्तक आलं, तोही त्याच साली मारला गेला. पुढच्याच वर्षी ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली आणि काळ्या पोरापोरींनी केस जसे उगवतात तसे वाढवायला सुरुवात केली. डेव्हिसबाईच्या फोटोतलं ते वर्तुळ असं आलं.

इथे धंद्याची एक गंमत सांगतो. शिकागोत जॉर्ज जॉन्सन या काळ्या उद्योजकाने १९५४मध्ये कंपनी काढली. १९७१मध्ये ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर गेली, आणि तिथे जाणारी ती काळ्या मालकीची पहिली कंपनी. १९७०च्या दशकाच्या मध्यावर सरकारच्या व्यापार आयोगाने तिला सांगितलं, डब्यात कॉस्टिक आहे, इजा होते असा इशारा छापा. छापायलाच हवा होता. पण तसाच माल विकणाऱ्या रेव्हलॉन या गोऱ्या बड्या कंपनीला तोच इशारा छापायला लावेपर्यंत सुमारे दोन वर्षं गेली. दरम्यान गिऱ्हाइकाला वाटलं, विष फक्त काळ्याच्या डब्यात. काळ्या कंपनीचा बाजार घसरला. १९९३मध्ये ती विकली गेली. १९९८मध्ये लॉरियलने सॉफ्ट शीन ही कंपनी घेतली, २०००मध्ये कार्सन घेतली. म्हणजे इशारा छापायचा कायदासुद्धा रंग बघून चालला. आणि शेवटी काळ्या बाईच्या डोक्यावरचा धंदा बड्या भांडवलाच्या खिशात गेला. काळ्यांच्या हाती उरलं काय? टाळू.

आता 'कोणी जबरदस्ती केली' या प्रश्नाचं अलीकडचं उत्तर. १९८१मध्ये विमान कंपनीत काम करणाऱ्या एका काळ्या बाईने दावा केला, की मालक मला डोक्यावर बारीक वेण्या घालू देत नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने दावा उडवला. म्हणे, वेणी ही बदलता येणारी गोष्ट आहे. २०१०मध्ये अलाबामात एका काळ्या तरुणीला नोकरी देऊ केली आणि जटा कापायला नकार दिला म्हणून काढून घेतली. २०१६मध्ये अपील कोर्टाने तोच न्याय दिला: कातडी बदलता येत नाही म्हणून तिला संरक्षण; केसांची ठेवण बदलता येते म्हणून तिला नाही. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

हे वाक्य नीट वाचा, दोस्तांनो. बदलता येतं ना, मग बदल! कशाने बदलू? डब्याने. न्यायमूर्तींनी डब्याचं नाव घेतलं नाही, पण बाईला ढकललं डब्याकडेच. पोट भरायचं असेल तर टाळू भाजून ये, असा त्याचा साध्या भाषेतला अर्थ. मग याला निवड म्हणायचं? साला, ही निवड असेल तर उपाशी माणसाचा उपवासही व्रतच म्हणायला हवा.

डब्यात आणखी काय असतं ते आता पाहू. २०१८मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूटने काळ्या बायका वापरतात अशा १८ केसांच्या वस्तू तपासल्या. त्यांत ४५ रसायनं सापडली, अशी की जी शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात किंवा दम्याशी जोडलेली आहेत. सापडलेल्या रसायनांपैकी ८४ टक्के लेबलवर छापलेलीच नव्हती. आणि सर्वांत घाण हे की कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ज्यांच्यावर अंकुश आहे किंवा युरोपात ज्यांना बंदी आहे, अशा पाच रसायनांचं सर्वाधिक प्रमाण लहान पोरींसाठी विकल्या जाणाऱ्या रिलॅक्सरांत होतं.

लेबलवर का नव्हती? एक चोरवाट आहे. तिचं नाव 'फ्रॅग्रन्स', म्हणजे सुगंध. अमेरिकेच्या नियमात सुगंधाचं मिश्रण हे धंद्याचं गुपित मानलं जातं. त्या एका शब्दामागे डझनभर रसायनं लपू शकतात. वास टिकवायला थॅलेट घालतात. माल सडू नये म्हणून पॅराबेन घालतात. यांतली काही रसायनं शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनचं सोंग घेतात, काही दुसऱ्या हार्मोनची वाट अडवतात. गर्भाशय, स्तन, अंडाशय हे अवयव हार्मोनच्या इशाऱ्यावर चालतात. खोटा इशारा वर्षानुवर्षं मिळत राहिला तर काय होईल, हे कळायला डॉक्टर व्हायला नको.

ज्यांनी मोजलं त्यांचे आकडे असे. बोस्टन विद्यापीठाने १९९५मध्ये 'ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडी' सुरू केली. ५९ हजार काळ्या बायका, आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा. १९९५ साल लक्षात ठेवा. तोवर बायकांच्या आरोग्याचे जे मोठमोठे अभ्यास झाले, त्यांत गोऱ्या बायकाच जास्त. काळ्या बाईचं शरीर राबायला होतं, मोजायला नव्हतं. या अभ्यासातून २०१२मध्ये बाहेर आलं की रिलॅक्सर वापरणाऱ्यांत गर्भाशयातल्या गाठींचं, फायब्रॉइडचं प्रमाण जास्त आहे. अमेरिकेत वयाच्या पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक काळ्या बायकांना या गाठी होतात. लवकर होतात, मोठ्या होतात. रक्तस्राव, ओटीपोटात कळा, शेवटी गर्भाशय काढणं.

२०२२च्या ऑक्टोबरात सरकारी संस्थेचा 'सिस्टर स्टडी' आला. ३३,४९७ बायका, जवळजवळ अकरा वर्षं, त्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाच्या ३७८ केसेस. ज्यांनी केस सरळ करायची रसायनं कधी वापरली नाहीत, त्यांच्यात सत्तरीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता १.६४ टक्के. ज्या वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरत होत्या, त्यांच्यात ४.०५ टक्के. दुपटीहून जास्त. २०२३मध्ये बोस्टनवाल्यांनी ४४ हजारांहून अधिक काळ्या बायकांचा हिशेब मांडला. पाळी गेलेल्या ज्या बायका वर्षातून दोनदाहून जास्त किंवा पाच वर्षांहून जास्त काळ रिलॅक्सर वापरत होत्या, त्यांच्यात गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका ५० टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला.

मी इथे खोटी बोंब ठोकणार नाही. चार टक्के म्हणजे शंभरातल्या चार, शंभर नाहीत. हे अभ्यास 'संबंध' दाखवतात. अमुक बाईचा अमुक रोग अमुक डब्यानेच झाला असं ते सांगत नाहीत. कंपन्यांचे वकील हेच वाक्य तोंडपाठ करून बसलेत: सिद्ध झालेलं नाही. अरे, सिद्ध कसं करणार? शंभर पोरी कोंडून पन्नासांच्या टाळूवर वीस वर्षं सोडा थापून बघणार? तसला प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. मग संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. आजवर तो डब्याला मिळाला. मी म्हणतो, तो बाईला मिळाला पाहिजे.

आणि आता या सगळ्यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. सिस्टर स्टडीत रसायन आणि रोग यांचं नातं काळ्या आणि गोऱ्या बायकांत वेगळं दिसलं नाही. म्हणजे गोऱ्या बाईने तेवढाच डबा वापरला तर धोका तिलाही तसाच. फरक कुठे होता? वापरात. मागच्या वर्षात ही रसायनं वापरली असं सांगणाऱ्यांत सुमारे ६० टक्के काळ्या बायका होत्या. कळलं? रोग काळ्या रक्तात नाही, काळ्या वंशात नाही. रोगाची वाट डब्यातून जाते, आणि डबा हातात का आला याचं उत्तर १७८६च्या हुकमात, १९८१च्या निकालात, नोकरीच्या मुलाखतीत आहे. वंशाच्या नावाने ज्या रोगांकडे डॉक्टर खांदे उडवून बघतात, त्यातले किती रोग असे माणसाने केलेले असतील, हा विचार करून माझं टाळकं फिरतं. त्यात पुन्हा अमेरिकेत गर्भाशयाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण काळ्या बायकांत गोऱ्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट आहे. निदान उशिरा, उपचार अपुरे, विमा अर्धवट. डबा आधी पोहोचतो, डॉक्टर नंतर.

केसांपुरतंच हे नाही. पावडरचं बघा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या टाल्क पावडरीवर अंडाशयाच्या कर्करोगाचे आरोप झाले, हजारो दावे झाले. गोऱ्या गिऱ्हाइकांत खप उतरायला लागला तेव्हा कंपनीच्या १९९२च्या अंतर्गत टिपणात काळ्या आणि हिस्पॅनिक बायकांना गाठायची कल्पना मांडलेली होती. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१९मध्ये हे छापलं. काळ्या वस्तीतल्या चर्चमधून, ब्युटी सलूनमधून पावडरीचे नमुने वाटले गेले. कंपनीचं म्हणणं, पावडर सुरक्षित आहे. पण २०२०मध्ये अमेरिका-कॅनडात आणि २०२३मध्ये जगभर तिने टाल्कची बेबी पावडर विकणं थांबवलं, मक्याच्या पिठाची आणली. २०२१मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या जुन्या संघटनेने तिला कोर्टात खेचलं. २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या यादीत घातलं. देवाच्या दारातसुद्धा बाजार बसलेला असतो, दोस्तांनो.

मग सरकार काय करत होतं? अमेरिकेचा सौंदर्यप्रसाधनांचा मूळ कायदा १९३८चा. त्यात वस्तू बाजारात आणण्याआधी ती सुरक्षित आहे हे सरकारला दाखवायची सक्ती नाही. युरोपात १३००हून अधिक रसायनांना प्रसाधनांत बंदी. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांत बंदी किंवा मर्यादा जेमतेम अकराएक पदार्थांवर. २०२२च्या डिसेंबरात कायदा सुधारला. त्याआधी धोक्याचा डबा बाजारातून परत बोलवायचा साधा अधिकारही सरकारी खात्याला नव्हता! विनंती करायची फक्त. आता अधिकार मिळाला, पण आधी मंजुरी मग विक्री हा नियम अजून आला नाही. फॉर्मल्डिहाइड घ्या. प्रेतं टिकवायला वापरतात ते. २००४ साली जागतिक संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणारं ठरवलं. केस सरळ करायच्या काही द्रवांत ते असतं किंवा गरम इस्त्री फिरवली की त्यातून वायू होऊन सुटतं. तो वायू गिऱ्हाईक वर्षातून चार वेळा हुंगतं, आणि सलूनमध्ये राबणारी बाई दिवसातून चार वेळा. तिच्याबद्दल कोण बोलतंय? २०२३मध्ये अमेरिकन खात्याने यावर बंदीचा प्रस्ताव आणू म्हणून जाहीर केलं, तारीख दिली एप्रिल २०२४. एप्रिल आला नि गेला. तारीख पुढे, पुन्हा पुढे.

जे काही हललं ते बायकांनी हलवलं. ब्लॅक पँथरवाल्यांनी १९७२मध्ये आपला दहा कलमी कार्यक्रम सुधारला, त्यात काळ्या आणि दडपलेल्या सर्व लोकांना फुकट आरोग्यसेवेची मागणी घातली. वस्त्यांतून स्वतःचे दवाखाने चालवले. आपल्या मुंबईत दलित पँथर जन्माला आली ती याच १९७२मध्ये, त्यांचंच नाव घेऊन. त्यांच्या बंदुकांचे फोटो आपल्याकडे पोहोचले. त्यांचे दवाखाने किती पोहोचले? १९८३मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात काळ्या बायकांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरली, बिली एव्हरी या बाईंच्या पुढाकाराने. लॉस एंजेलिसमध्ये 'ब्लॅक विमेन फॉर वेलनेस', हार्लेममध्ये 'वी ॲक्ट' अशा संघटना सलूनमध्ये जाऊन, डबे हातात घेऊन, लेबलं वाचून लढल्या. २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून भेदभाव करायला बंदी करणारा 'क्राउन' कायदा केला. वीसहून अधिक राज्यांनी तो पुढे घेतला. २०२२मध्ये केंद्राच्या खालच्या सभागृहात तो मंजूर झाला आणि वरच्या सभागृहात अडकला. कॅलिफोर्नियानेच २०२०मध्ये प्रसाधनांतल्या २४ घातक पदार्थांवर बंदीचा कायदा केला, तो २०२५च्या जानेवारीपासून लागू झाला. त्यात फॉर्मल्डिहाइड आहे, पारा आहे. २०२२च्या अभ्यासानंतर मिसुरीतल्या एका काळ्या स्त्रीने पहिला दावा लावला. आज असे हजारो दावे शिकागोच्या फेडरल कोर्टात एकत्र चालताहेत. कंपन्या आरोप नाकारतात. निकाल काय लागेल तो लागो, पण डबा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला हे तर खरं.

दोन कायद्यांकडे बघा, म्हणजे लढ्याची अक्कल कळेल. एक म्हणतो, केसांवरून कोणाला हाकलू नका. दुसरा म्हणतो, डब्यात विष घालू नका. नुसता दुसरा केला तर भांडवलदार नवं रसायन शोधतो. तसं झालंही. फॉर्मल्डिहाइडऐवजी ग्लायऑक्झिलिक ॲसिड आलं. २०२४मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की त्याच्या क्रीममुळे एका तरुणीच्या मूत्रपिंडाला वारंवार इजा झाली. वेण्या घालायच्या म्हणून नकली केस घ्यावेत, तर २०२५मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने असे दहा नमुने तपासले आणि नऊंत शिसं निघालं. च्यायला, डोकं न्यावं तरी कुठे? म्हणून विष आणि सक्ती, दोन्हींच्या मुळावर एकाच वेळी घाव घालावा लागतो.

आता आपल्याबद्दल. आपली आणि त्यांची गोष्ट एक नाही. तिथे केसांवरून, कातडीवरून माणूस ओळखतात. इथे आडनावावरून, वस्तीवरून. पण रंगाचं माप इथेही आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५मध्ये बाजारात आली. २०२०मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवला, अमेरिका पेटली, आणि त्याची धग मुंबईपर्यंत आली. कंपनीने नावातला 'फेअर' काढला, 'ग्लो' घातला. एका काळ्या माणसाच्या मरणाने आपल्या ट्यूबवरचा एक शब्द बदलला. शब्दच बदलला. गोरेपणाची भूक तशीच राहिली, आणि त्या भुकेवर बेकायदा माल पोसतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी बायकांची मूत्रपिंडं गोरं करणाऱ्या क्रीमने बिघडली. ती क्रीम ब्युटिशियनकडून घेतलेली. मुंबईच्या केईएममध्ये उपचार झाले, क्रीममध्ये पारा सापडला. २०२३मध्ये हे पेपरात आलं. पारा कातडीतला रंग तयार होणं थांबवतो आणि कातडीतूनच आत शिरून मूत्रपिंड गाठतो. आपल्या देशात प्रसाधनांत पारा घालायला बंदी आहे. बंदी कागदावर, पारा डबीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डबीवर प्रत्येक पदार्थाचं नाव छापा, 'सुगंध' शब्दामागे लपू नका, आणि ते मराठीत छापा. पार्लरमध्ये आठ-दहा तास राबणाऱ्या पोरींना हवेशीर खोली आणि हातमोजे द्या. त्यांचीही युनियन होऊ शकते, कोणी मनावर घेतलं तर. अन्न व औषध प्रशासनाने गल्लीतल्या दुकानातल्या डब्या उचलून तपासाव्यात आणि निकाल जाहीर करावेत. कंपनीने आधी दाखवावं की माल निर्धोक आहे, मग विकावा.

आणि आरशापुढे उभ्या असलेल्या बहिणीला उपदेश करायला जाऊ नका. नोकरीच्या मुलाखतीला कसं जायचं, स्थळ बघायला येणाऱ्यांपुढे कसं बसायचं, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तिने माप ठरवलेलं नाही. माप ठरवणारे आपल्यातही आहेत. भाषणात काळ्या बांधवांचा जयजयकार करणारा आपला कार्यकर्ता लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप पाहिजे' म्हणून छापतो, आणि आई म्हणाली म्हणून छापलं असं वर सांगतो. पाऱ्यावरची बंदी सरकारकडून राबवून घ्यायला मोर्चे काढावे लागतील, वर्षं जातील. जाहिरातीतला तो एक शब्द खोडायला कुठलाही कायदा लागत नाही. पेन लागतं. ते खिशाला आहेच.